रिंगण कोठे आखावे?

हेवीवेट मुष्टियुद्धाच्या जगज्जेतेपदाची लढत कोठे व्हावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ व्यवहाराचा वाटतो. प्रेक्षागारात आसने किती, हवामान कसे, दूरचित्रवाणीला कोणती वेळ सोयीची आणि सर्वांत मोठी रक्कम कोण मोजतो, एवढे पाहिले की आयोजकाचे काम संपले, असे आपण धरून चालतो. रिंगण तर सर्वत्र सारखेच असते. चार कोपऱ्यांचे चार खांब आणि त्यांना ताणून बांधलेले दोर! ते न्यूयॉर्कमध्ये उभारले काय आणि रियाधमध्ये उभारले काय, ठोशाचे वजन थोडेच बदलणार आहे? तथापि या खेळाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला, म्हणजे दिसून येते की मोठ्या लढतीची जागा सहसा योगायोगाने ठरलेली नाही. ‘कोठे’ या एका शब्दाच्या पोटात ‘कोणाच्या पैशाने’, ‘कोणाच्या गौरवासाठी’ आणि ‘कोणाला गप्प बसवून’ हे तीन प्रश्न दडलेले असतात. म्हणून हा विषय नीतीचाही आहे.

दोन माणसांनी एकमेकांस ठोसे मारावेत व इतरांनी ते पाहावे, हे मुळात योग्य आहे काय, हा वाद जुना आहे आणि तो येथे मिटवावयाचा नाही. करिंथ नगराजवळ मोठे क्रीडामहोत्सव भरत असत, आणि पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात धावपटूच्या जोडीला मुष्टियोद्ध्याचीही उपमा घेतली आहे. याचा अर्थ त्याने खेळाला आशीर्वाद दिला असा नव्हे. परंतु श्रद्धावंताने या विषयाकडे पाहूच नये, असेही नव्हे. हा खेळ जगात आहे आणि कोट्यवधी लोक तो पाहतात, एवढे गृहीत धरून पुढे जाऊ.

आरंभीच्या काळात या लढतींची जागा कायद्याला चुकवून शोधावी लागे. १८९५ साली अमेरिकेतील टेक्सास राज्याने बक्षिसाच्या मुष्टियुद्धावर कडक बंदी घातली. शेजारच्या प्रदेशांतही दारे बंद झाली. तेव्हा आयोजकांनी एक विलक्षण जागा हुडकून काढली. टेक्सास आणि मेक्सिको यांच्या सीमेवरून रिओ ग्रांदे नदी वाहते. लँग्ट्री नावाच्या लहानशा वस्तीजवळ तिच्या पात्रात, मेक्सिकोच्या बाजूला, वाळूचा एक पट्टा होता. २१ फेब्रुवारी १८९६ रोजी बॉब फिट्झसिमन्स आणि पीटर माहर यांची लढत त्या वाळूवर लावण्यात आली. टेक्सासचे सशस्त्र रक्षक अलीकडच्या कड्यावर उभे राहून नुसते पाहत राहिले; कारण त्यांचा अधिकार नदीपाशी संपत होता. पलीकडे मेक्सिकोचा शिपाई नव्हता. लढत दोन मिनिटेही चालली नाही. परंतु जागेची निवड मात्र पुढील पुष्कळ गोष्टींची नांदी ठरली. ती वाळू पसंत पडली, याचे कारण एकच होते. तेथे ‘नाही’ म्हणणारा कोणी नव्हता.

पुढल्याच वर्षी नेवाडा राज्याने निराळा मार्ग धरला. तेथील चांदीच्या खाणींचे वैभव ओसरले होते आणि राज्याला पैशाची निकड होती. नेवाडाने मुष्टियुद्ध कायदेशीर केले आणि १७ मार्च १८९७ रोजी कार्सन सिटी येथे जिम कॉर्बेट व फिट्झसिमन्स यांची जगज्जेतेपदाची लढत भरविली. पाळकांनी आणि वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठविली. पण इतर राज्ये ज्याला पाप म्हणत, ते आपल्याकडे ठेवून त्यावर उत्पन्न मिळवावे, हे धोरण नेवाडाने सोडले नाही. पुढे लास वेगस या खेळाची राजधानी झाले, त्याची मुळे येथे आहेत.

येथवर पाहता असे वाटेल की घरच्या कायद्याला चुकवून लढत परमुलखी नेणे हे नेहमीच वाईट. परंतु इतिहास इतका सरळ नाही. जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा विसाव्या शतकाच्या आरंभी जगातील बहुधा सर्वांत समर्थ हेवीवेट होता. तथापि गोरे जगज्जेते त्याच्याशी जगज्जेतेपदासाठी खेळण्यास नकार देत. तो टॉमी बर्न्सच्या मागे देशोदेशी फिरला. अखेर ऑस्ट्रेलियातील एका आयोजकाने बर्न्सला ६,००० पौंड देऊ केले आणि २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे ही लढत झाली. चौदाव्या फेरीत पोलिसांनी मध्ये पडून ती थांबविली, आणि जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता ठरला. सिडनी हे वंशसमतेचे माहेर होते असे मुळीच नाही. त्या देशात गोऱ्यांखेरीज इतरांना प्रवेश न देण्याचे धोरण त्याच दशकात कायद्याने रूढ झाले होते. दार उघडले ते न्यायबुद्धीने नव्हे, पैशाने. तरी ते उघडले, आणि जे घरी शक्य नव्हते ते दूरदेशी शक्य झाले, हे विसरून चालणार नाही.

याच जॉन्सनची पुढली मोठी लढत आपल्याला आणखी अवघड धडा शिकविते. निवृत्त झालेला जेम्स जेफ्रीज गोऱ्या वंशाची प्रतिष्ठा परत मिळविण्यासाठी म्हणून पुन्हा रिंगणात उतरला. १९१० साली ही लढत सॅन फ्रान्सिस्को येथे ठरली होती. पाळकांनी आणि मंडळ्यांनी तिच्याविरुद्ध मोहीम उघडली, व कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी ऐनवेळी ती बंद पाडली. आयोजकाने सारा बाडबिस्तरा नेवाडातील रेनो गावी हलविला आणि ४ जुलै रोजी तेथे जॉन्सनने जेफ्रीजचा पंधराव्या फेरीत पराभव केला. त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या व कित्येक माणसे, बहुतांशी कृष्णवर्णीय, प्राणास मुकली. त्यानंतर या लढतीचे चित्रपट दाखवू नयेत म्हणून गावोगाव मागणी झाली आणि १९१२ साली असे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास कायद्याने बंदी आली.

या विरोधात शुद्ध मनाने बोलणारे पुष्कळ लोक होते. मनुष्याच्या देहाची विटंबना त्यांना खरोखर सहन होत नव्हती. परंतु त्यांच्या आवाजात दुसराही एक आवाज मिसळलेला होता. गोऱ्या माणसाला काळ्या माणसाने चारचौघांत खाली पाडले, हे दृश्य ज्यांना नको होते, त्यांनीही तेच पवित्र शब्द उचलले. म्हणून एखाद्या ठिकाणी लढत नको असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला नेमके काय नको आहे हे तपासणे अगत्याचे आहे. क्रौर्य नको, की आपल्या मनातील उतरंड मोडणारा मनुष्य नको? निषेधालाही विवेकाची कसोटी लावावी लागते.

तसाच प्रसंग पुढे महंमद अलीवर आला. १९६७ साली त्याने व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास सदसद्विवेकाच्या आधारे नकार दिला. त्याचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले आणि राज्याराज्यांनी त्याला परवाना नाकारला. साडेतीन वर्षे त्याला रिंगण मिळाले नाही. अखेर २६ ऑक्टोबर १९७० रोजी तो पुन्हा उतरला तो दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात. त्या राज्यात मुष्टियुद्धाचे राज्यस्तरीय नियामक मंडळच नव्हते, आणि लिरॉय जॉन्सन या कृष्णवर्णीय राज्य सिनेटरने शहरातून परवानगी मिळविली. राज्यपाल लेस्टर मॅडॉक्स यांनी विरोध केला. पण लढत रोखता आली नाही. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अलीची शिक्षा रद्द केली. रिओ ग्रांदेच्या वाळूप्रमाणे अटलांटातही नियमातील फटच उपयोगी पडली. फरक असा की वाळूवर कायद्याला पाठ दाखविणाऱ्यांची सोय झाली, तर अटलांटात अन्यायाने घराबाहेर काढलेल्याला दार मिळाले.

मग जागेचा विचार कोणत्या मापाने करावा? देशी की परदेशी, श्रीमंत की गरीब, ही मापे अपुरी पडतात. मला वाटते, एकच प्रश्न विचारावा. त्या ठिकाणी ‘नाही’ म्हणणारा मनुष्य सुरक्षित असतो काय? ‘याला खेळू देऊ नका’ असे सांगणारा डॉक्टर, ‘आता पुरे’ म्हणणारा पंच, खर्चाचा हिशेब मागणारा वार्ताहर, फाटकाबाहेर फलक घेऊन उभा राहणारा नागरिक, हे सर्व दुसऱ्या दिवशी सकाळी आपापल्या घरी असतील काय?

या कसोटीवर १९७४ सालचे किन्शासा घासून पाहू. ३० ऑक्टोबर रोजी झाईरच्या राजधानीत जॉर्ज फोरमन व महंमद अली यांची लढत झाली. प्रत्येकाला ५० लाख डॉलर द्यावयाचे होते, आणि त्यामागे मोबुटू यांच्या राजवटीचे बळ होते. १९६५ साली सत्ता बळकावलेल्या मोबुटूंना आपल्या देशाचे नाव जगाच्या ओठांवर हवे होते. लढतीच्या स्टेडियमचे नावही त्यांच्या पक्षाच्या जन्मदिनावरून, २० मे या तारखेवरून, ठेवलेले होते. लढत पहाटे चारच्या सुमारास सुरू झाली. कारण अमेरिकेत तेव्हा रात्रीची सोयीची वेळ होती. सुमारे ६०,००० आफ्रिकी प्रेक्षक रात्रभर जागले आणि आठव्या फेरीत अलीने फोरमनला पाडले, तेव्हा त्यांचा आनंद अस्सल होता. ज्या खंडाला जगाने केवळ गुलामांची खाण मानले, त्या खंडात त्यांचा वीर येऊन जिंकला होता. त्या आनंदाचा उपहास करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्या पैशाचा हिशेब विचारण्याचा अधिकार त्या साठ हजारांतील एकालाही नव्हता, हेही तितकेच खरे. मोबुटू यांची सत्ता १९९७ सालापर्यंत टिकली आणि देश दरिद्री होत गेला.

दुसऱ्या वर्षी, १ ऑक्टोबर १९७५ रोजी, अली व जो फ्रेझर मनिलाजवळच्या क्वेझोन सिटीत भेटले. फिलिपीन्समध्ये १९७२ पासून लष्करी कायदा होता. विरोधक तुरुंगात होते आणि वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप होते. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांना देशात सारे आलबेल आहे असे जगाला दाखवावयाचे होते. येथेही लढत स्थानिक घड्याळाप्रमाणे सकाळी लावण्यात आली. छताखाली असह्य उकाडा होता. चौदा फेऱ्या दोघांनी एकमेकांना मरणाच्या दारापर्यंत नेले. फ्रेझरचे डोळे सुजून बंद होत आले होते, तरी त्याला पंधरावी फेरी खेळावयाची होती. तेव्हा त्याचे वृद्ध प्रशिक्षक एडी फच यांनी त्याचे न ऐकता लढत सोडून दिली. जगज्जेतेपद गेले, पण मनुष्य वाचला. ज्या देशात त्या दिवशी कोणाला सत्तेपुढे ‘नाही’ म्हणता येत नव्हते, तेथे रिंगणाच्या एका कोपऱ्यात एका प्रशिक्षकाने ते म्हटले. या खेळाच्या इतिहासात मला यापेक्षा मोठा पराक्रम दिसत नाही.

आणि जेथे असे म्हणणारा कोणी उरत नाही, तेथे काय होते? ऑक्टोबर १९८० मध्ये लास वेगस येथे अडतीस वर्षांच्या अलीला लॅरी होम्सने दहा फेऱ्या झोडपले. त्यानंतर अमेरिकेत त्याला परवाना मिळणे कठीण झाले. उशिरा का होईना, शहाणपण सुचले होते. तेव्हा लढत बहामा बेटांवर नासाऊ येथे नेण्यात आली. ११ डिसेंबर १९८१ रोजी अली ट्रेव्हर बर्बिकविरुद्ध दहा फेऱ्या खेळला व हरला. व्यवस्था इतकी तुटपुंजी होती की फेरीची घंटा म्हणून गुराच्या गळ्यातील घंटा वापरावी लागली. १९८४ साली अलीला कंपवाताच्या विकाराचे निदान झाले आणि २०१६ साली मरेपर्यंत तो त्या व्याधीशी झगडत राहिला. एका नासाऊने हे सारे घडविले असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते ठिकाण निवडले गेले, याचे कारण इतरांनी मिटलेले दार तेथे उघडे होते, हे मात्र नाकारता येत नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. ७ डिसेंबर २०१९ रोजी अँडी रुइझ व अँथनी जोशुआ यांची लढत सौदी अरेबियातील दिरिया येथे, मुद्दाम उभारलेल्या प्रेक्षागारात झाली. त्यानंतर २०२२ साली जेद्दा, आणि १८ मे २०२४ रोजी रियाध. या शेवटच्या लढतीत ऑलेक्झांडर उसिकने टायसन फ्युरीचा पराभव करून सर्व प्रमुख पट्टे एकत्र केले. १९९९ मधील लेनॉक्स लुइसनंतर असा निर्विवाद जगज्जेता प्रथमच झाला. घड्याळ येथेही परक्यांचेच होते. मुख्य लढतीला मध्यरात्र उलटून गेली होती.

या ठिकाणाच्या बाजूने बोलण्यासारखे काही आहे, ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निरनिराळ्या संघटनांच्या भांडणांमुळे जी लढत वर्षानुवर्षे जुळत नव्हती, ती तेथील पैशाने जुळली. त्या देशात २०१८ पासून स्त्रिया स्टेडियममध्ये बसू लागल्या, मोटार चालवू लागल्या, आणि २०२२ साली जेद्दा येथे स्त्रियांची व्यावसायिक लढतही झाली. पाश्चात्त्य देशांनी दीडशे वर्षे यजमानपद मिरविले, मग इतरांनी का मिरवू नये, हा प्रश्नही रास्त आहे.

परंतु आपली कसोटी लावून पाहा. मोटार चालविण्याचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांपैकी लुजैन अल-हथलूल यांना तो हक्क मिळण्याच्या काही आठवडे अगोदर, मे २०१८ मध्ये, अटक झाली व २०२१ पर्यंत त्या तुरुंगात होत्या. दार उघडले गेले, पण ते ठोठावणारा हात बांधला गेला. राजवटीवर टीका करणारे पत्रकार जमाल खशोगी यांचा २ ऑक्टोबर २०१८ रोजी इस्तंबूल येथील त्यांच्याच देशाच्या वाणिज्य दूतावासात खून झाला. १२ मार्च २०२२ या एका दिवसात ८१ जणांना देहान्त शिक्षा देण्यात आली. वीस लाखांहून अधिक भारतीय तेथे राबतात. त्यांत आपल्या मंडळ्यांतील मुलेमुलीही आहेत. त्यांना सार्वजनिक उपासनेसाठी तेथे एकही मंदिर नाही, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक असते. अशा ठिकाणी झगमगत्या दिव्यांखाली जो उत्सव होतो, त्याचा एक हेतू, आपल्या नजरेने दिव्यांपलीकडे जाऊ नये, हा असू शकतो, असे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या संस्था म्हणत आल्या आहेत. त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, “स्वच्छ जागा आहे तरी कोठे? लास वेगस जुगारावर उभे आहे, आणि न्यूयॉर्कच्या रिंगणांवर एके काळी गुन्हेगारांची सत्ता होती.” हे खरे आहे. १९८२ साली लास वेगस येथे हलक्या वजनाच्या एका लढतीनंतर किम डुक-कू हा कोरियन तरुण मरण पावला. परंतु ती लढत थेट प्रक्षेपित झाली होती. वृत्तपत्रांनी प्रश्न विचारले, डॉक्टर बोलले, आणि एका जागतिक संघटनेने काही आठवड्यांत जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या करण्याचे ठरविले. इतरांनीही पुढे तेच केले. मोकळ्या नगरात पाप होत नाही असे नव्हे. तेथे पापाचे नाव घेता येते, एवढाच फरक. आणि एवढ्याच फरकावर सुधारणेची सारी आशा अवलंबून असते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. २१ सप्टेंबर २०२४ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ९६,००० प्रेक्षकांसमोर डॅनियल दुब्वा याने जोशुआचा पराभव केला. मैदान लंडनचे, पण त्या सोहळ्यावर नाव रियाधच्या उत्सवाचे होते. मग लढत कोठे झाली म्हणावयाचे? याचे उत्तर असे की रिंगणाचा पत्ता आणि थैलीचा पत्ता, दोन्ही विचारले पाहिजेत. लंडनमध्ये त्या थैलीवर निदान मोकळेपणी लिहिता येते. पण पैसे देणाऱ्यावर लिहावयाचे नाही, अशी सवय तेथल्या लेखण्यांनाही हळूहळू लागली, तर मैदान लंडनमध्ये असूनही नसल्यासारखे होईल.

मुष्टियोद्ध्यांवर सारा दोष टाकणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्यापैकी बहुतेक गरिबीतून आलेले असतात. देह हेच त्यांचे भांडवल, आणि ते काही वर्षांतच संपते. मोठी रक्कम नाकारा असे त्यांना आरामखुर्चीतून सांगणे सोपे आहे. अधिक जबाबदारी आहे ती आयोजकांची, मान्यता देणाऱ्या संघटनांची, आणि पैसे मोजून पाहणाऱ्या आपल्यासारख्यांची. डॉक्टरांना लढत थांबविण्याचा स्वतंत्र अधिकार आहे काय, वार्ताहरांना अटकाव नाही ना, यजमान देशाने टीकेसाठी तुरुंगात टाकलेल्यांचे काय, हे प्रश्न करारावर सही होण्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत. प्रेक्षकाने निदान एवढे करावे की लढतीबद्दल बोलताना त्या ठिकाणाबद्दलही बोलावे. यजमानाला विकत घ्यावयाचे असते ते आपले मौन. ते त्याला फुकट देऊ नये.

पाचव्या शतकातील बिशप थिओडोरेट याने मंडळीच्या इतिहासात तेलेमाखस नावाच्या एका संन्याशाची हकीकत नोंदविली आहे. पूर्वेकडून रोमला आलेला हा मनुष्य सशस्त्र झुंजी चालू असताना थेट आखाड्यात उतरला आणि झुंजणाऱ्यांना आवरू लागला. खेळाचा रसभंग झाला म्हणून प्रेक्षकांनी त्याला दगडांनी ठार केले. त्यानंतर सम्राट होनोरियसने त्या झुंजी बंद केल्या, असे थिओडोरेट सांगतो. तेलेमाखसाला मारणारे सम्राटाचे शिपाई नव्हते. तिकडे करमणुकीसाठी जमलेली साधी माणसे होती. रिंगण कोठे आखावे, हे ठरविण्याचा अधिकार आपल्यापैकी बहुतेकांना कधीच मिळणार नाही. परंतु प्रेक्षागारात आपण सारेच बसलेलो आहोत, आणि कोणी ‘पुरे’ म्हणत पुढे आला तर आपल्या हातात काय असेल, हे ठरविणे मात्र आपल्याकडे आहे.